झाकणावरची नावं

खालच्या बेकरीतून यीस्टचा आंबूस वास आला की मला बेलापूरच्या प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या मावशी आठवतात. मी तेव्हा पीएचडी करत होते. उपाशी पडलेल्या यीस्टच्या पेशीचं विभाजन एक प्रथिन थांबवतं. ते काढलं तर पेशी वाढतच राहते, हे मला दाखवायचं होतं. कुठलं यीस्ट आहे ते नाव, ते वाढवायच्या प्लेटच्या तळावर लिहायचं, झाकणावर कधीच नाही, हा आमचा पहिला धडा. मी आळसाने झाकणांवर लिहिलं, आणि फोटो काढताना सगळी झाकणं उघडून घाईत कुठलंही कुठेही बसवलं. निकाल उलटसुलट आले. सर भडकले, "झाकणं कुणी बदलली?" मावशी म्हणाल्या, "मी झाकनांना हात पन नाय लावला, सर. हिला इचारा, हिला सगला माहीत हाय." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "टेबल पुसताना मावशींकडून झालं असेल." दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी दुसरीच बाई उभी होती. आता मी शिकवते. नाव तळावर लिहा, असं पहिल्याच दिवशी पोरांना बजावते, आणि कुणी ‘का?’ असं विचारलं तर ‘नियम आहे’ एवढंच सांगते.