आत्यांचा थोरला

माझी मुलगी जन्मली तेव्हा रडली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सने तिची पाठ चोळली, नाकातोंडात नळी घातली, आणि मग तिला गाडीत घालून सांगलीला पळवलं. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो काचेच्या पेटीतून, मांजराच्या पिलासारखा.

घरी आणल्यावर सासूबाईंचं वागणं मला कळेना. मी त्यांना आत्या म्हणते. जत तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचंही तान्हं न्हाऊ घालायला त्या जायच्या, पण स्वतःच्या नातीला हात लावेनात. दारात उभ्या राहून नुसत्या तिच्या पायांकडं बघायच्या. लंगोट बदलताना ते पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. सोडवायला जावं तर आणखी ताठ व्हायचे. मुठी उघडायच्या नाहीत.

"आत्या, ही असं का करते?" मी विचारलं की त्या परसात निघून जायच्या. मला वाटायचं, मुलगी झाली म्हणून राग असेल.

नवरा सैन्यात, तेव्हा राजस्थानात. फोनवर म्हणायचा, "धरंल की मान. एखादं पोर मागं राहतं." पण तिच्याबरोबरीची बाळं बसू लागली तरी हिची मान लटकतच होती. शेवटी मी सांगलीला निघाले. आत्या न सांगता साडी बदलून बरोबर आल्या.

डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. त्यांनी मुलीला सतरंजीवर सोडलं आणि बघत बसल्या. हात धरून हळूच उठवलं, खुळखुळा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वाजवला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. मग मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. तो आल्यावर आम्हाला समोर बसवून म्हणाल्या, "याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. स्नायूंना हुकूम देणारा भाग दुखावलाय. ती इजा वाढणार नाही, पण भरूनही येणार नाही. स्नायू मात्र रोज आखडणार, म्हणून ते रोज ताणायचे. हिला कळत नाही असं मात्र धरून चालू नका."

मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं होतं?"

मी आत्यांकडं पाहिलं. "न्हाई," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर बसल्या त्या उठेचनात. मी हात धरून उठवू लागले.

"थोरला असाच हुता," त्या म्हणाल्या.

"कोण थोरला?" माझा नवराच घरात थोरला, असंच मला माहीत होतं.

"त्याच्या आधीचा. माझ्या कमरंएवढा झाला, पर कडंवरच. पावनं आलं की मागच्या खोलीत ठिवायचा आन् दार लावून घ्यायचं. सासू म्हनायची, गिरान पाळलं न्हाईस. एकदा खाताना ठसका लागला, त्यातच गेला." मग हलक्या आवाजात, "हिचं पाय बघितलं तवाच वळखलं म्या. वाटलं, त्योच परत आला. हात लावायचं धाडस हुईना."

मी त्यांना धरून पुन्हा आत नेलं, थोरल्याचं आणि ग्रहणाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्या मुलाच्या जन्माचं विचारलं.

"रडला की! लय मोठ्यांदा. मग हळदीगत पिवळा पडला. दूध सोडलं. धनुष्यागत मागं वाकायचा."

"ती कावीळ होती, मावशी. फार वाढली आणि मेंदूत उतरली. हिचं कारण वेगळं आहे. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही."

"आता तसं पोर आलं तर?"

"निळ्या दिव्याखाली ठेवतो. वेळेत आणलं तर बहुतेक मुलं वाचतात, धडधाकट राहतात."

परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. कवठेमहांकाळ मागं पडल्यावर एकदम म्हणाल्या, "नुसता दिवा?"

दुसऱ्या दिवसापासून मुलीला त्यांनीच हातात घेतलं. सांगलीला शिकवलेले व्यायाम सतरंजीवर त्याच करून घ्यायच्या. पाय सरळ धरायला रात्री स्प्लिंट, दिवसा उभं राहायची चौकट; पोटऱ्या फारच आखडल्या तेव्हा त्या सैल करायचं इंजेक्शन आणि मग प्लास्टर. मी स्वयंपाकघरातून ऐकायची: "दम धर रं. झालं रं, राजा." मुलीला 'रं' म्हणताहेत हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. त्या सतरंजीवर एकच मूल नव्हतं.

आता मुलगी वॉकर घेऊन शाळेत जाते. बोलणं ओढून येतं, पण डोकं तल्लख. परवा तिनंच विचारलं, "आजी, मला... रं... का म्हणतेस?"

आत्यांनी तिला सगळं सांगितलं. लावलेलं दारसुद्धा.

"नाव काय... त्याचं?"

आत्यांनी नाव घेतलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी ते सगळं त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं सपान हाय ते. मी लहान असताना मागच्या खोलीत कुणीतरी हसायचं."

"आईला कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं हुतं. ती म्हणाली, मांजर हाय."

"मग?"

"मांजर हसत न्हाई, हे मला तवाबी कळत हुतं."