आठवड्याचा नववा दिवस

त्याला सगळे आठवड्या म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं. काम पाडापाडीचं. जिथे मशीन शिरत नाही अशा अरुंद गल्ल्यांतल्या जुन्या इमारती घण मारून जमिनीवर आणायच्या. चाळीस वर्षं माणूस रोज सकाळी उठून भिंतींना मारायला जात होता, आणि भिंतीही काही गप्प बसत नव्हत्या.

नावाची सुरुवात झाली ती एकोणिसाव्या वर्षी. दाराच्या वरची दगडी पट्टी निसटली ती सरळ डाव्या पायावर. दोन बोटांचा चेंदामेंदा. मुकादम म्हणाला, "पोरगं गेलं कामातून." हा दात खाऊन ओरडला, "आठ दिवस! नवव्या दिवशी बघ!" आणि खरंच नवव्या दिवशी लंगडत आला आणि दुपारच्या आत आख्खी भिंत लोळवली. पुढे सत्ताविसाव्या वर्षी गुत्त्यासमोर मारामारी झाली, बरगडीखाली सुरा बसला. याने आधी सुरेवाल्याचे दोन दात पाडले आणि मगच खाली बसला. सतरा टाके. डॉक्टरांनी महिना सांगितला. याचं आपलं एकच, "आठ दिवस." नवव्या दिवशी टाक्यांसकट घण उचलला. दोन टाके उसवले, शर्ट लाल झाला, त्यावर कोट चढवला आणि काम चालू. झालं, तेव्हापासून आठवड्या.

एक्केचाळिसाव्या वर्षी मात्र गोची झाली. दुसऱ्या मजल्यावरून स्लॅबसकट खाली आला आणि तीन बरगड्या मोडल्या. नवव्या दिवशी आला खरा, पण घण उचलायचं सोंग करत ढिगाऱ्यावर बसून होता. खोकला आला की तोंडात फडका कोंबायचा. हे सोंग महिनाभर चाललं. कोणाला कळलं नाही. कळलं फक्त बायकोला, कारण रोज संध्याकाळी त्याचे बूट तीच काढायची. "तुमच्या आठ दिवसांत रविवार किती असतात ते मला विचारा," एवढंच ती म्हणायची.

मुलीसाठी नवरा त्यानेच शोधला. कुठे, तर साइटवर! दोन टोळ्यांची जुंपली होती, राडारोड्याच्या डंपरवरच्या ड्रायव्हरला कोणीतरी पाठीत सळई घातली. तो पठ्ठ्या सळई हिसकावून मारणाऱ्याला चार फटके देऊन, वर डंपर चालवत निघून गेला. आठवड्या खूश. "मर्द आहे. मार पचवतो," घरी येऊन त्याने सांगितलं. अरे, पण मार पचवणाऱ्याच्या घरात मार कोणाला पडणार, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला नाही. शिरायला पाच वर्षं लागली.

पाच वर्षांनी एका सकाळी मुलगी दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, गळ्यावर पाच बोटं उमटलेली. आठवड्याचं वय तेव्हा बासष्ट. त्याने चप्पलसुद्धा घातली नाही. तसाच जावयाच्या इमारतीत गेला, जिने चढला, आणि दार उघडल्या उघडल्या उजवा ठोसा जावयाच्या जबड्यावर ठेवून दिला.

ठोसा बरोब्बर बसला होता. तीस वर्षांपूर्वी त्या ठोशाने माणूस जिन्यावरून गडगडत गेला असता. जावयाने तोंड पुसलं, बोटावरचं रक्त बघितलं आणि चक्क हसला. मग त्याने सासऱ्याचं मनगट पकडलं, लोखंडी दाराच्या फटीत धरलं आणि दार आपटलं. हाड मोडल्याचा आवाज आठवड्याला स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तो गुडघ्यावर आला.

"मामा, तुम्हाला आठ दिवस लागतात ना?" जावई वाकून त्याच्या कानात म्हणाला. "घ्या आठ दिवस. नवव्या दिवशी येतो, बायकोला न्यायला. तेव्हा हात तयार ठेवा." आणि त्याला पायाने जिन्यावर लोटून दार लावून घेतलं.

दवाखान्यातली डॉक्टर मुलीच्याच वयाची होती. तिने एक्सरे उजेडावर धरला. "मनगटाचा चुरा झालाय, आजोबा. रक्तात साखरही आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"साखर-बिखर सोडा. आठ दिवसांत प्लास्टर काढायचं."

"प्लास्टर सात आठवडे. मुठीत जोर यायला तीन महिने, तेही नशीब असेल तर. घण विसरा."

"मला नेहमी आठच दिवस लागतात."

"विशीत लागले असतील. तेव्हा शरीर आपणहून धावत येतं दुरुस्तीला. आता त्याला हाका माराव्या लागतात, आणि ते सावकाश येतं. तुमच्या हाडाला तुमचं टोपणनाव माहीत नाही, आजोबा."

त्याला तिच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. इतकं खरं कोणी त्याला तोंडावर बोललं नव्हतं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी बोटं टरारून फुगली. चौथ्या दिवशी काळंनिळं कोपरापर्यंत चढलं. पाचव्या दिवशी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. मुलगी पुढे झाली, त्याने तिला झिडकारलं, आणि रागाने डाव्या हाताने कपाटावर असा ठोसा मारला की आरसा फुटला. बायको काचा वेचत म्हणाली, "वा! आता डावाही गेला की सुटलो आपण." सहाव्या दिवशी त्याने चोरून मूठ आवळून पाहिली. बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली. तो संडासात जाऊन, कडी लावून रडला. हात दुखत होता म्हणून नव्हे. तीन दिवसांनी तो माणूस येईल, माझ्यादेखत पोरीला फरफटत नेईल, आणि मी काय करणार, या भीतीने रडला.

आठव्या दिवशी दुपारी त्याने पत्रा कापायची कात्री काढली आणि डाव्या हाताने प्लास्टर कापायला बसला. मुलीने पाहिलं आणि झडप घालून कात्री ओढली. ओढाताणीत पातं त्याच्या तळव्यात घुसलं, पण त्याने सोडलं नाही. शेवटचा टवका उडाला आणि आतून हात निघाला. पिवळा, सुजलेला, मनगटापाशी वाकडा.

"आठ दिवस झाले," तो धापा टाकत म्हणाला. "भरलंय."

"कुठे भरलंय, बाबा?" मुलगी किंचाळलीच. "खोटं! लहानपणापासून ऐकतेय, आठ दिवस, आठ दिवस! तो मारायचा आणि मीसुद्धा स्वतःला हेच सांगायचे. आठ दिवसांत जाईल. आणि जायचंच! माझं भरतं ना लवकर. डाग जायचे, सूज जायची. दोनदा चौकीत गेले तर म्हणाले, दाखव कुठे मारलंय. दाखवायला काही उरलेलंच नसायचं! मग तो घरी आणून परत मारायचा." तिने गळ्यावरून ओढणी काढली. पाच बोटांतलं एकच, फिकट, उरलं होतं. "हे बघा. उद्यापर्यंत हेसुद्धा जाईल."

आठवड्या त्या फिकट डागाकडे बघत राहिला. तळव्यातून रक्त गळत होतं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी जावई आला. गल्लीतले लोक दारात उभे होते. आठवड्याची जबान सगळ्यांना माहीत, त्यामुळे तमाशा बघायला गर्दी. आठवड्या उंबऱ्यात उभा राहिला, उजवा हात पाठीमागे लपवून.

"भरला का हात, मामा?"

आठवड्याने डावा ठोसा मारला. जावयाने तो सहज चुकवला, त्याच्या पोटात गुडघा घातला, खाली पाडला, आणि पाठीमागचा हात ओढून त्यावर बूट ठेवला. मोडलेलं हाड पुन्हा मोडलं. मुलगी धावली तर तिला केसाला धरून भिंतीवर आपटलं. गल्ली बघत होती. अजूनही वाट बघत होती, की आता आठवड्या उठेल.

"अरे बघता काय!" आठवड्या जमिनीवरून ओरडला. असा आवाज त्याने आयुष्यात काढला नव्हता. "नाही भरलं! आठ दिवसांत नाही भरलं! माझ्याच्याने होत नाही आता, धरा रे त्याला!"

क्षणभर कोणालाच खरं वाटेना. मग समोरचा वेल्डर उतरला, त्याच्यामागे दोघं-तिघं. जावयाला चौघांनी मिळून खाली दाबला. त्यातल्या एकाचं नाक फुटलं, जावयाचा एक दात गल्लीत पडला. तसंच त्याला चौकीत नेलं. आठवड्याही गेला, हात मुलीच्या ओढणीत बांधून.

चौकीतला लिहिणारा म्हातारा होता, आठवड्याला ओळखणारा. त्याने वही उघडली. "घरचं भांडण दिसतंय. आठ दिवसांत बरं होणारं असेल तर किरकोळ, समज देऊन सोडतो. जास्त असेल तर आत टाकतो. बोल, हात बरा व्हायला किती दिवस?"

जावई रक्ताळलेल्या तोंडाने हसला. "मामांनाच विचारा ना. सगळ्या गावाला माहीत आहे किती दिवस लागतात ते."

लिहिणाराही हसला. वेल्डर हसला. बघ्यांपैकी कोणीतरी मागून म्हणालंसुद्धा, "आठवड्या आहे तो, लिहा आठ!" आठवड्याने पस्तीस वर्षं जपलेलं नाव तिथे सगळ्यांच्या तोंडात होतं.

"तीन महिने," तो म्हणाला.

"काय?"

"तीन महिने. डॉक्टरीणबाईंचा कागद आहे. आता पुन्हा मोडलाय, म्हणजे जास्तच. घण परत उचलता येणार नाही, तेही लिहा." त्याने ओढणीत बांधलेला हात टेबलावर ठेवला. "एक्केचाळिसाव्या वर्षीपण आठ दिवस नव्हते. महिना लागला होता. मी खोटं बोललो होतो."

खोलीत कोणी हसलं नाही.

लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. मग मुलीकडे मान वळवून विचारलं, "आणि हिचं?"

"हिचं आठ दिवसांत भरतं," आठवड्या म्हणाला. "म्हणून तर पाच वर्षं कोणी लिहून घेतलं नाही. आजचं ताजं आहे. पेन खाली ठेवू नका."