मामाची चौकट

माझा मामा कपड्यांच्या कारखान्यात हजेरी कारकून होता, पण सगळे त्याला मास्तरच म्हणत. कुणाचंही गणित चुकलेलं दिसलं की त्याला राहवत नसे. सुटीच्या दिवशी आम्हा पोरांना धरून बसवायचा आणि चौकट आखायचा, कुणाला चहा आवडतो, कुणाला कॉफी अशी: दोन ओळी, दोन रकाने, कडेला बेरजा.

"आधी 'दोन्ही'चं घर भरा. मग बाकीची वजा करत भरायची. कोपऱ्यातलं 'दोन्ही नाही'चं घर कुणी सांगत नाही, ते आपणच काढायचं."

आम्ही जांभया द्यायचो. तो मात्र रंगात यायचा.

माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, त्याच कारखान्यात शर्टांच्या घड्या घालायची. बाबा गेल्यावर मामानेच तिला तिथे चिकटवलं होतं. आमचं घर त्या घड्यांवर चालायचं.

एके दिवशी वरून हुकूम आला: ज्यांना शिलाई येत नाही आणि कटाईही येत नाही, त्यांना कमी करा. मॅनेजर तसा भला माणूस. तो मामाला म्हणाला, "माणसं साठ. शिलाई पस्तीस जणांना येते, कटाई अठ्ठावीस जणांना. झाले त्रेसष्ट. म्हणजे प्रत्येकाला काही ना काही येतंच. कमी करण्यासारखं कुणी नाही, असं कळवून टाकतो."

इथे गप्प बसायचं होतं. माझ्या मामाने पेन्सिल काढली.

"साहेब, पंधरा जणांना दोन्ही येतं. ते तुम्ही दोनदा धरलेत."

दोन्ही पंधरा, नुसती शिलाई वीस, नुसती कटाई तेरा. कोपऱ्यात आले बारा. मॅनेजरने कपाळाला हात लावला. आता कळल्यावर खोटं कळवायची त्याची छाती होईना. "नावं काढा," एवढंच म्हणाला.

यादीत सातवं नाव आईचं आलं. तिथे म्हणे मामाने पेन्सिल खाली ठेवली. पण तिला गाळलं तर अकराच होत होते, बेरीज जुळत नव्हती. त्याने नाव लिहिलं.

हे त्याने स्वतःच घरी येऊन सांगितलं, मान खाली घालून.

"अकरा लिहिले असतेस तर कोण मोजणार होतं?" आईने विचारलं.

"उत्तर बारा होतं गं."

आई म्हणाली, "दादा, जन्मभर सगळी गणितं बरोबर सोडवलीस. माझ्यासाठी एक चुकवायचं होतंस."

मामा लहान पोरासारखा रडला. माझं दोघांसाठीही काळीज तुटलं, पण मी जागची हलले नाही. आईने त्याला पाणी विचारलं नाही, आणि मागायला तोही धजावला नाही.