चार नंबरच्या खाटेपाशी प्रार्थना

वजनं जमिनीला टेकली होती, म्हणजे खरं तर स्टुलाला. मी राउंडला वॉर्डात शिरले तेव्हा पहिल्यांदा तेच दिसलं. चार नंबरचा पेशंट दस्तगीर, उचगावचा शिंपी, डोळे मिटून निवांत पडला होता. त्याच्या बायकोने, जैनबने, दोरीच्या टोकाखाली स्टूल सरकवलं होतं.

"लई वडतंय म्हनत्यात वो," ती म्हणाली.

ओढणारच. मांडीचं हाड मोडलं की भोवतीचे स्नायू दोन्ही तुकडे एकमेकांवर ओढून घेतात आणि पाय आखूड होतो. १९७४-७५ची गोष्ट. मी कोल्हापुरात एका डॉक्टरांच्या हाडांच्या दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होते. मांडीत रॉड घालायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. गुडघ्याखालच्या हाडातून आडवी पिन घालायची, तिला दोरी बांधायची, ती पलंगाच्या पायथ्याशी चाकावरून खाली सोडायची आणि टोकाला वजनं लटकवायची. याला ट्रॅक्शन म्हणतात. वजन हवेत लोंबकळलंच पाहिजे, टेकलं की उपयोग संपला. आणि पेशंट दीड-दोन महिने उताणा.

मी स्टूल काढलं. दस्तगीरने दात आवळले. त्याचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी विचारलं, "धडक दिली कोणी, दस्तगीरभाई?"

"पाद्री हुता, बाई. मोटरसायकलवर. गळ्यात ती पांढरी पट्टी. मी पडल्यावर मागं वळून बघितलं त्यानं, मग गाडी दामटली."

"पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं की. हवालदार म्हनला, पाद्री असं करत न्हाईत. तुला चक्कर आली असंल."

मोटरसायकलवरून खेडोपाडी प्रार्थनेला जाणारा पाद्री मला एकच माहीत होता. आमच्या चर्चचा पाळक, शांतवन. माझा सख्खा थोरला भाऊ. वडील लवकर गेल्यावर यानेच मला नर्सिंगला घातलं होतं.

ड्युटी संपली तशी मी त्याच्या घरी गेले. मोटरसायकल मागच्या दारी होती, वर गोणपाट टाकलेलं. उचलून पाहिलं तर पुढचा दिवा फुटलेला. दादा टेबलाशी बसून रविवारचा उपदेश लिहीत होता.

"दादा, उचगावच्या रस्त्यावर काय झालं?"

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "माणूस जिवंत आहे ना?"

"माझ्या वॉर्डात आहे."

"थांबलो असतो तर लोकांनी मारलं असतं, मार्था. आणि मंडळीत तोंड कसं दाखवलं असतं?" मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. "मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतोय."

"तो शिंपी आहे. मशीन पायाने चालवतो. तू येऊन त्याला सांग."

"येतो," तो म्हणाला. "शनिवारी येतो."

सकाळी मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. बघत बघतच म्हणाले, "सिस्टर, पोलिसांत जायचं का नाही, हे पेशंट ठरवेल. पण त्याला कळायला पाहिजे. तुमच्या भावाने सांगितलं तर उत्तम."

शनिवारी भेटीच्या वेळेला दादा आला. गळ्यात ती पांढरी कॉलर, हातात बायबल आणि केळ्यांची फणी. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं, कोणीतरी आपल्याला भेटायला आलं म्हणून. त्याने एक नंबरपासून सुरुवात केली. प्रत्येकाच्या उशाशी केळं ठेवायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि प्रार्थना करायची. मी औषधांचा ट्रे घेऊन मागे उभी होते.

चार नंबरपाशी तो थांबला. दस्तगीरच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. "हे प्रभू, तुझ्या या लेकराच्या वेदना दूर कर." मग आमेन म्हणाला, केळं ठेवलं आणि पाच नंबरकडे वळला.

मी ट्रे टेबलावर ठेवून दिला.

तो गेल्यावर दस्तगीर हळू आवाजात म्हणाला, "त्योच हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हनलं, बोलतोय का बघू. हात लई थरथरत हुता त्याचा." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमचा कोन लागतो?"

"भाऊ."

"वाटलंच. नाक एकच हाय."

मी त्याला आणि जैनबला सगळं सांगितलं. फुटलेला दिवा, घरातलं बोलणं, सगळं. म्हटलं, पोलिसांना बोलावते, साक्ष मी देते. दस्तगीरने बायकोकडे पाहिलं.

"कोर्टात हेलपाटं कोन घालनार?" जैनब म्हणाली. "त्येनं यावं, माझी चूक झाली म्हनावं. बास."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर दस्तगीरने हातानेच थांबवलं. "तुमी नगा. तुमी कुठं धडकवलंय?"

तो निरोप घेऊन मी संध्याकाळी पुन्हा दादाकडे गेले. निम्मंच बोलले असेन.

"ओळखलं त्याने? आणि गप्प बसला?" दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. "म्हणजे देवानेच मिटवलं म्हणायचं."

वहिनी चहा घेऊन येत होती. मी तशीच उठले आणि चपला घातल्या. त्या आठवड्यात मला पुष्कळदा लाज वाटली होती, पण ही लाज मला अंगावर घेऊन रस्त्याने चालता येईना. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याचा उपदेश होता, खरा ख्रिस्ती कोण या विषयावर. मी चर्चच्या गायनवृंदात असल्यामुळे पुढेच बसले होते, उठून जाता येईना. तो चांगलाच बोलला. बाहेर पडल्यावर दोन बायकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, भाऊ असावा तर असा.

तिथून मी ड्युटीवर गेले. उताण्या पेशंटची पाठ रोज स्पिरिटने पुसून पावडर लावावी लागते, नाहीतर जखमा होतात. मी दस्तगीरची पाठ पुसत असताना तो म्हणाला, "तुमी खिरीश्चन मानसं लई मायेनं करता." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला वर बघवेना.

दादा परत आला नाही. हाड जुळलं, पाय किंचित आखूड राहिला. डॉक्टरांनी एका चपलेची टाच वाढवून घ्यायला सांगितली आणि दस्तगीर घरी गेला.

काही महिन्यांनी तो तपासणीला आला. काठी सुटली होती. पाय दाखवून झाल्यावर म्हणाला, "पाद्रीबाबा आलते दुकानात."

"कशाला?"

"चर्चात घालायचा झगा शिवायला. पांढरं कापड घेऊन."

दादाने माफीऐवजी गिऱ्हाईक होऊन जायचं ठरवलं होतं.

"छातीचं माप घेत हुतो. म्हनलं, बाबा, श्वास सोडा. सोडायच्या ऐवजी रडायलाच लागले. आता रडत्या मानसाचं माप कसं घ्यायचं? म्हनलं, उद्या या."

"आला?"

"आले की. त्या दिवशी बोलले."

"काय बोलला?"

"ते त्यांचं नि माझं हाय, बाई." तो उठला. "झगा झालाय झ्याक. शिलाई मात्र घेतली. फुकट कशाला शिवायचं?"

मंडळीला दादाने यातलं काहीच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं." ते पुरेसं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. दर रविवारी तो त्या पांढऱ्या झग्यात उभा राहायचा, बायका शिलाईचं कौतुक करायच्या आणि मी गीतांच्या पुस्तकात डोळे घालून बसायची.

त्या शनिवारच्या प्रार्थनेनंतर, रिटायर होईपर्यंत, मी वॉर्डात एक नियम पाळला. प्रार्थनेला पाळक येवो, फादर येवो, नाहीतर कुणी बुवा येवो, दारातच थांबवून मी विचारायची, "पेशंटचे तुम्ही कोण?" बहुतेकांना राग यायचा.