वायर काढून ठेवलेला फोन

मी इथे, या अनुभवांच्या धाग्यावर, वर्षभर नुसती वाचते आहे. कधी प्रतिसादही दिलेला नाही. खरं सांगायचं तर निम्मे अनुभव वाचून मला हसूच येतं... पांढरी साडी, पिंपळ, उलटे पाय. माझी शाळा जालन्यातली, इंग्लिश मीडियमची. पुढे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. घरात उपास-तापास होते, पण अंगारे-धुपारे नव्हते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते आहे, कारण ही गोष्ट मनात बाळगून मी आता दमले आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही बदनापूरला राहायचो, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. एका ओळीत तीन खोल्या, मागे अंगण. पुढच्या खोलीत फोन आणि त्याला लागूनच माझं कंप्युटरचं टेबल. पप्पा जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीचं गोदाम बघायचे. सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळी परत.

पप्पांना शुगर आहे. एकदा ते जालना स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले, आणि आम्हाला ते कळलं थेट संध्याकाळी, फाटका शर्ट बघून. तेव्हापासून आईने नियम घातला... गोदामात पोचलं की घरी दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. आम्ही उचलायचा नाही, म्हणजे कॉलचे पैसे पडत नाहीत. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या बऱ्याच घरांत तेव्हा ही पद्धत होती. दहा ते सव्वादहाच्या मधे आमचा फोन दोनदा वाजायचा, आई अंगणातूनच "पोचले बाई" म्हणायची आणि मगच तिचा चहा व्हायचा. सव्वादहा वाजून गेले तर ती स्वतः गोदामात फोन लावायची.

त्या वर्षी मला नोकरी शोधायची होती. पण मुलाखत म्हटलं की मी काही तरी कारण काढून टाळायची. अनोळखी माणसासमोर माझा आवाज बसतो, अजूनही. शाळेतल्या एका मॅडमच्या ओळखीने पुण्याहून प्रूफरीडिंगचं काम आलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. इंग्रजी पानं इमेलने येणार, मी ती तपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत परत पाठवायची. महिनाभर बघू, मग कायम, असं ठरलं. कुणाला भेटायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. फक्त इंटरनेट हवं.

फक्त! तेव्हा ते टेलिफोनच्या वायरमधून यायचं हे आता कुणाला आठवतही नसेल. आमच्या भागात दोन कंपन्यांचं कनेक्शन मिळायचं. एकीला लावायचा नंबर औरंगाबादचा... पहिल्या फटक्यात लागायचा, तासभर टिकायचा, पण आम्हाला तो एसटीडी, म्हणजे महाग. दुसरीचा नंबर जालन्याचा, म्हणजे लोकल. पण तो सदा एंगेज, आणि लागलाच तर दहा-पंधरा मिनिटांत गळून पडायचा. मैत्रिणीकडे बसून मी दोन्ही वापरून पाहिली, वहीत रकाने पाडले... किती वेळात लागतं, स्पीड किती, कधी तुटतं. पप्पांनी वही नाकाजवळ धरून वाचली.

"जालन्याचंच घे," ते म्हणाले. "औरंगाबादचं घेतलं तर कंपनी विकावी लागन. माझी न्हाई, मालकाची."

झालं, जालन्याचं घेतलं.

बसवून द्यायला जालन्याहून नईमभाई आले. पप्पांच्या ओळखीचे, कंप्युटर जोडून विकणारे. त्यांनी डायल-अपच्या खिडकीत नंबर, युजरनेम, पासवर्ड कसे भरायचे ते दाखवलं. आयपी अॅड्रेसच्या खिडकीशी मी घुटमळले तर म्हणाले, "उसको हात नक्को लगाओ बेटा. वो अपने आप आता. कंपनीवाले देते." मॉडेमला, म्हणजे फोनची लाईन कंप्युटरला जोडणाऱ्या डबीला, मागे दोन भोकं होती, एक लाईनसाठी, एक फोनसाठी, म्हणजे दोन्ही एकदम जोडून ठेवता येतात. पण फोनचं भोक चालेना. नईमभाईंनी दोनदा फुंकर मारून पाहिली.

"ये मरेला है. दूसरा लाता मैं. तबतक फोन की वायर निकालो, इसमें लगाओ. काम हुआ, वापस फोन को लगाओ. एक टाइम पे एकच चलेगा."

आई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हंजी तुझं चालू असलं की माझा फोन मेला?"

"थोडा वेळच गं."

"दहा ते सव्वादहा माझा. त्या टायमाला तुझं बंद पाहिजे म्हंजी पाहिजे."

"हो."

"शपथ घे."

"आई, वायरसाठी शपथ?"

"घे म्हणते ना."

घेतली. दुसरा मॉडेम नईमभाईंनी काही आणला नाही.

ते तीन आठवडे आठवले तरी अजून थकवा येतो. साडेसातला वायर काढायची, मॉडेमला लावायची, नंबर फिरवायचा. एंगेज. पुन्हा. एंगेज. मधेच कधी तो किंचाळल्यासारखा आवाज सुरू व्हायचा, मी श्वास धरून बसायची... आणि पासवर्ड तपासता तपासता तुटायचं. कधी चाळीसदा, कधी साठदा. त्यामुळे एकदा लागलेलं कनेक्शन हातचं सोडवत नसे. तरी नियम मी पाळला. दहाला पाच कमी असताना वायर परत फोनला, सव्वादहाला पुन्हा मॉडेमला. एकोणीस दिवस पाळला.

विसाव्या दिवशी चतुर्थी होती. पप्पांचा उपास. आई म्हणाली, दोन घास साबुदाणा खाऊन जा. गाडी चुकेल म्हणून ते तसेच निघाले. शुगरची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली होती. ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही.

मी साडेसातपासून नंबर लावत होते. लागला तेव्हा दहाला दहा कमी होते. फाईल नेहमीपेक्षा मोठी होती. निळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. दहाला पाच कमी... पाव. दहा वाजले... तिसरा हिस्सा. मी घड्याळाकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं. आई अंगणात गहू निवडत होती. दोन मिनिटं, मी मनात म्हटलं. आणखी दोन मिनिटं. काम कायम व्हायला दहा दिवस उरले होते.

दहा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला.

मी पुन्हा लिहिते, म्हणजे गोंधळ नको. वायर मॉडेममध्ये होती. फोनला काहीही जोडलेलं नव्हतं. तो साधा फोन होता, आत बॅटरी नाही, वेगळी वीज नाही. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर नुसता ठेवलेला. आणि तो वाजला. पूर्ण एक रिंग. त्याच्यावर आईने विणलेला रुमाल होता, तो थरथरताना मी पाहिला. मग दुसरी रिंग. मग बंद. स्क्रीनच्या कोपऱ्यातली कनेक्शनची खूण लुकलुकतच होती. पट्टी सरकतच होती.

अंगणातून आईचा आवाज आला, "पोचले बाई."

शेजारच्यांचा फोन असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं. पण शेजारच्यांकडे फोन नव्हता, ते आमच्याकडेच यायचे करायला.

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. काही नाही. टोनसुद्धा नाही. कसा असेल?  भीती वाटली ती भुताबितांची नाही. भीती ही की आई आता निर्धास्त झाली आहे. ती गोदामात फोन लावणार नाही. आणि तिला जे ऐकू आलं, ते पप्पांनी दिलेलं असूच शकत नाही, हे जगात फक्त मला माहीत आहे.

पट्टी अर्ध्याच्या पुढे होती. मी मॉडेममधून वायर उपटली आणि फोनमध्ये खुपसली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली.

मिनिटही झालं नसेल, फोन पुन्हा वाजला. दोन रिंगा. तीन. चार. आई पळत आत आली, तिनेच उचलला. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो! हे चष्मेवाले, निळा शर्ट, तुमचे हायत का? खिशातल्या डायरीत हा नंबर सापडला. इथं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पडून हायत. लोक म्हनून राह्यले पेलेले हायत, पर तोंडाला वास न्हाई."

"शुगर हाय त्यांना!" आई ओरडली. "गोड द्या काही तरी! साखर, गूळ, काही बी!"

"रसाचा गाडा हाय इथं. थांबा..." मग लांबून आवाज, मग पुन्हा, "पेऊनच न्हाई राह्यले ओ ताई. नुसतं बरळत्यात, उपास हाय म्हनत्यात."

माझी आई त्या क्षणी जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. "त्यांना म्हणावं, घरून निरोप आलाय. उपास मी धरते त्यांचा. गुमान प्या म्हणावं!"

थोडा वेळ नुसती गर्दी ऐकू येत होती. मग तो माणूस म्हणाला, "घेतला. अर्धा ग्लास घेतला."

आम्ही काळी-पिवळी जीप करून जालन्याला पोचलो, तोवर त्या भल्या माणसाने पप्पांना रिक्षातून जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. सलाईन चालू होतं. डॉक्टर आईवर ओरडले, गोळी घेऊन उपाशी सोडता का म्हणून. आणखी अर्धा तास गेला असता तर पुढचं माझ्या हातात नव्हतं, असंही म्हणाले. पप्पा डोळे मिटून पडले होते. गोदामापर्यंत ते पोचलेच नव्हते. फोन तर त्यांनी कुठूनच केला नव्हता.

तो माणूस टेंभुर्णीचा होता, बियाणं घ्यायला आलेला. आम्ही येईपर्यंत थांबला होता. आईला म्हणाला, "ईस मिनिटं झाली लावून राह्यल्तो ताई. एकसारखा एंगेज. माझी यष्टी लागल्ती. म्हनलं, आता शेवटचा लावतो, न्हाई लागला तर यांना पोलिसांच्या हवाली करून जातो. तर लागला."

मी जमिनीकडे बघत उभी होते. एंगेज का होता ते मी सांगायला हवं होतं. 

आई म्हणाली, "आमची लाईनच तशी हाय भाऊ. खराबच राहती."

त्या दिवशी पुण्याला अर्धवट फाईलसुद्धा गेली नव्हती. मला वाटलं काम गेलं. गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जालन्याच्या सायबर कॅफेतून पाठवली, पुढे रोज तिथूनच पाठवत राहिले. अनोळखी माणसांत बसून, मान खाली घालून. घरचं कनेक्शन मी पुन्हा वापरलं नाही.

नईमभाईंना मी विचारलं, आडून आडून. "बिना वायर का फोन? नै बेटा. ऐसा होताच नै." लाईनमनलाही विचारलं. त्याने फोन उघडून पाहिला, आतली घंटी बोटाने हलवून दाखवली, म्हणाला लाईनमधून करंट आल्याशिवाय ही हलत नसते. फिजिक्स मीही शिकले होते. मला भास झाला असेल, हे मी केव्हाच मान्य केलं असतं. पण भास माझा असेल तर आईने अंगणातून काय ऐकलं?

आणि हे मी कुणाला विचारणार? फोन वाजला कसा, हे कोडं मांडायचं तर त्याला वायर नव्हती हे सांगावं लागतं. वायर का नव्हती हे सांगायचं तर शपथ मोडली हे सांगावं लागतं. ती वीस मिनिटं एंगेज कशामुळे होती, हेही. म्हणून मी सात वर्षं गप्प राहिले. आई पाहुण्यांना ती हकिकत सांगते, रसाच्या गाड्यावर सगळे हसतात, आणि मी उठून आत जाते.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. पप्पा बाहेर गेलेले. आई मेथी निवडत होती, मी समोर बसले होते. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"आई, त्या चतुर्थीला दहा वाजता माझं नेट चालू होतं."

तिने मान वर केली नाही. "माहीत हाय."

"कसं?"

"मी आत आले तवा फोनची वायर तुझ्या मुठीतच होती. सोडतच नव्हती तू."

मी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला घेतली. देठं एकीकडे, पानं एकीकडे.

मग मी विचारलं, "मग त्याआधी जे दोनदा वाजलं... ते कसं वाजलं?"

"मला काय इचारती?" आई म्हणाली. "इंग्लिश मीडियमला तुला घातलं. तू सांग."