लोवेलने पसंत केलेला कॅम्पर

लोवेल एग्लीला गावात कोणी हुशार म्हणत नसे, देखणा तर नाहीच नाही. पण त्याच्या नाकाला मान होता. चीजच्या कारखान्यात माल पारखायचं काम त्याचं. चीजच्या चाकाएवढ्या गोल ढेपेत पोकळ सळई खुपसायची, फिरवून आतला बोटभर तुकडा काढायचा, आधी नाकाशी धरायचा, मग मोडून बघायचा आणि वरचं टोक पुन्हा भोकात बसवून टाकायचं. त्याचा बाप हेच करायचा, आजाही. चर्चच्या स्वयंपाकघरातलं दूध नासलंय का, शेजाऱ्याच्या तळघरात ओल शिरली आहे का, जुन्या गाडीत उंदीर मेलाय का, काहीही असलं की लोक म्हणत, लोवेलला बोलवा. तोही निमूट जायचा, वास घ्यायचा, हो किंवा नाही म्हणायचा आणि घरी यायचा. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात एवढ्यावर माणसाचं नाव होतं.

ऑक्टोबरात त्याला चार दिवस ताप आला. ताप उतरला आणि वास गेला.

पहिल्या दिवशी त्याने लिंबर्गरचा तुकडा नाकाशी धरला. ज्या चीजच्या वासाने बाहेरगावचा पाहुणा जेवणाच्या टेबलावरून उठून जातो, ते चीज त्याला मेणबत्तीसारखं लागलं. आठवड्याने येईल, महिन्याने येईल, असं म्हणता म्हणता नाताळ गेला. त्याने कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणावं तर तेही खरं नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं. जेवण म्हणजे गरम किंवा गार, मऊ किंवा कडक. शुक्रवारची तळलेली मासळी तो इतरांचे हात बघून त्यांच्या वेगाने खायचा. कारखान्यात तुकडा बोटांनी चुरून बघायचा, आणि तोंड उघडण्याआधी शेजारच्या कोडीला विचारायचा, ‘तुला काय वाटतं?’ कोडी नवखा. एवढा जाणता माणूस आपलं मत घेतो म्हणून त्याची छाती फुगायची, आणि लोवेल त्याचंच मत थोडं फिरवून कागदावर लिहायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. दुसऱ्याच कोणाची तरी नोकरी आपण करतो आहोत, इतकंच त्याला वाटायचं.

अशात नोरीनने, त्याच्या बायकोने, पॉप-अप कॅम्परचा विषय काढला. कारण टेसा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी. तिला दमा. गेल्या उन्हाळ्यात तळ्याकाठी तंबूत दोन रात्री पाऊस लागला, खालची चटई भिजली आणि तिसऱ्या दिवशी पोरीला इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर झोपवू नका, आणि जिथे बुरशी तिथे तर मुळीच नको. आता जूनमधला आठवडा तळ्यावर राखून ठेवलेला होता. सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला संगणकासमोर बसून नोरीनने ती जागा मिळवली होती. गाडीमागे ओढायची पेटी, हँडल फिरवलं की छप्पर वर, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर, भोवती कॅनव्हासच्या भिंती. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. जुनाच बघायचा. आणि जुन्या कॅम्परमध्ये बघायचं ते एकच, कॅनव्हासला कुबट वास येतो का. शेवटच्या सहलीला कोणी ओला मिटून ठेवला असेल तर तो कायमचा गेला. ‘बाकीच्यांना कसं कळतं देव जाणे,’ नोरीन सगळ्यांना सांगत सुटली, ‘आमच्याकडे लोवेल आहे.’

लोवेलने तीन कॅम्पर नाकारले. पहिल्याच्या आसाला गंज आहे म्हणाला. दुसऱ्याचं छप्पर जड आहे म्हणाला. तिसरा एका निवृत्त शिक्षकाचा, आतून आरशासारखा लख्ख. त्याच्यात काय खोट काढावी हे न सुचून लोवेल म्हणाला की रंग आवडला नाही. घरी आल्यावर नोरीन म्हणाली, ‘तुला जायचंच नसेल तर तसं सांग. सहा महिने झाले, तू घरात असून नसल्यासारखा आहेस.’ यावर त्याला काहीतरी वाटायला हवं होतं. त्याने भांडी पुसली आणि झोपायला गेला.

चौथा कॅम्पर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बघितला. शहराबाहेरच्या शेतावर विल्डा नावाची म्हातारी एकटी राहत होती. अंगणात कडेला अजून बर्फाचे काळे ढीग होते. ती म्हणाली, ‘बंद केला तो ह्यांनीच, गेल्या सप्टेंबरात. नंतर हे गेले. मला बाई त्यातलं काही कळत नाही.’ लोवेलने हँडल फिरवलं. छप्पर हलकं वर गेलं. आस स्वच्छ, पलंग दोन्ही बाजूंनी विनासायास बाहेर आले, रंगही बरा होता. नोरीन हाताची घडी घालून बघत उभी होती. लोवेल आत शिरला, कोपऱ्यातल्या कॅनव्हासला नाक लावलं आणि सवयीने दोन श्वास मोजून घेतले. हवा गार होती, एवढं कळलं. आता आणखी एक कारण शोधायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

‘ठीक आहे,’ तो बाहेर येऊन म्हणाला. ‘घेऊन टाकू.’

नोरीनचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. तिने स्वतः आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. ज्या घरात लोवेल होता त्या घरात वास घ्यायचं काम दुसरं कोणी करत नसे. टेसा मात्र गाडीतून आपली झोपायची पिशवी घेऊन धावत आत गेली, मागच्या पलंगावर चढली आणि मिनिटभरात खोकत, बाही नाकावर धरून दारात आली.

‘बाबा, इथे घाण वास येतोय. ओल्या कुत्र्यासारखा.’

‘बाबाने बघितलंय ना?’ नोरीन म्हणाली. ‘मग नाही येत. बंद होता म्हणून वाटतं तसं. जा, तुझी पिशवी मावते का ते बघ.’

टेसाने बापाकडे पाहिलं. त्याने नजर हँडलकडे वळवली. तेव्हा तिने मुकाट्याने बाही खाली केली आणि पुन्हा पायरीवर पाय ठेवला. बाबा म्हणतो वास नाही, म्हणजे तिच्याच नाकाचं काहीतरी चुकलं असणार. तो पाय पायरीवर टेकलेला लोवेलने पाहिला.

‘टेसा, बाहेर ये,’ तो म्हणाला. ‘येत असेल वास. मला कळत नाही. मला कसलाच वास येत नाही.’

नोरीन आत गेली, मागचा पलंग उचलून खालच्या कॅनव्हासला नाक लावलं आणि बाहेर आली.

‘कधीपासून?’

‘ऑक्टोबर.’

‘आणि कारखान्यात?’

‘कोडीला विचारतो.’

ती हळू आवाजात म्हणाली, ‘तू तिला इथे झोपवलं असतंस, लोवेल.’

‘हो,’ तो म्हणाला. सबब त्याला सुचली नाही आणि त्याने शोधलीही नाही. विल्डाबाई घराच्या पायऱ्यांवर उभी होती, तिच्याकडे जाऊन त्याने सांगितलं की कॅनव्हासला बुरशी धरली आहे, आम्हाला नको. मला ते कळलं नाही, माझ्या मुलीला कळलं. म्हातारी म्हणाली, ह्यांना शेवटी शेवटी घाई फार व्हायची. नोरीनने सोमवारी वरिष्ठांना सांगायचं बजावलं. सांगितलं तर पॅकिंगला टाकतील, असं तो म्हणाला. मग पॅकिंग कर, ती म्हणाली. त्याने मान डोलावली. इतक्या महिन्यांचं ओझं उतरल्यावर माणसाला रडू येतं म्हणतात. त्याला आलं नाही.

टेसा जवळ आली. ‘माझा पण नाही येत?’

‘नाही.’

तिने टोपी काढली, डोकं त्याच्या हनुवटीखाली खुपसलं आणि म्हणाली, ‘गुरुवारपासून धुतलेलं नाही. नीट घे.’

लोवेलने श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. गार हवेखेरीज काही आलं नाही. तरी त्याने तिचं डोकं तिथेच धरून ठेवलं आणि तो घेत राहिला.