आसुंताची चूल

कुई म्हणजे गिनी पिग. डोंगरातल्या त्या गावात घरटी दहा-बारा असायचेच, तेही स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला. त्यांची भांडणं रक्तावर आली की बायका टोपली काखोटीला मारून आसुंता कावानाकडे यायच्या.

तिचं सांगणं ठरलेलं. "जुनं गवत आधी बाहेर फेक. मग नवे-जुने सगळे एकदम परक्या जागी सोड. नर एकच ठेव. दात वाजवतील, अंगावर चढतील, तू मध्ये पडू नकोस. रक्त निघालं तरच उचल. कुई वासाचा धनी असतो गं, जिथे त्याचा वास ते त्याचं घर."

हे सगळं ती तीस वर्षं सांगत आली होती. नवरा बेनिग्नो लवकर गेला. एकुलता मुलगा एलेउतेरियो तिने एकटीने वाढवला. त्याने पलीकडच्या खोऱ्यातली नेलीदा बायको करून आणली, तेव्हा रीतीप्रमाणे तिनेही माहेरचे कुई आणले: सहा माद्या आणि एक तांबडा नर. आसुंताने आपला नर शेजारच्या गुमेर्सिंदाला देऊन टाकला आणि सुनेच्या जनावरांना मानाची जागा दिली, थेट चुलीमागे. तिथे आसुंताची स्वतःची काळी मादी चार वर्षं ठाण मांडून होती.

तिसऱ्या दिवशी काळीने तांबड्याचा कान फाडला.

एलेउतेरियो बटाटे काढायला वरच्या शेतात गेला होता. नेलीदाने सातही कुई टोपलीत भरले आणि आपलं गाठोडं पाठीवर बांधलं.

"मी माहेरी जाते, आई. निदान ही जनावरं तरी जगतील."

"अगं, होईल त्यांना सवय."

"मला झाली का? मी पातेलं इकडे ठेवलं की तुम्ही तिकडे ठेवता. मीठसुद्धा मला विचारल्याशिवाय सापडत नाही."

सून गेली की मुलगाही तिच्यामागे जाणार, हे आसुंता जाणून होती.

दारात गुमेर्सिंदा उभी होतीच. ती कधी नसते? "गावाला शहाणपण वाटतेस आणि घरात दिव्याखाली अंधार! जुनं गवत काढलंस का गं?"

काढलं नव्हतं. आपल्या घराला तसलं काही करायची गरज पडेल, असं तिला वाटलंच नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"दुपारपर्यंत थांब," ती सुनेला म्हणाली. "मग खुशाल जा."

एलेउतेरियोने मागे नवी खोली बांधली होती, अजून कुणी न राहिलेली. आसुंताने तिथे ताजं गवत पसरलं, पळायला दोन्ही बाजूंनी उघडा असा विटांचा आडोसा केला आणि सगळे कुई एकदम सोडले. काळी दात वाजवत तांबड्यावर धावली. नेलीदाने हात पुढे केला, आसुंताने तो धरला.

"थांब. रक्त नाही आलं."

पळापळ बराच वेळ चालली. मग एकेक करून सगळे घासाच्या पेंढीला लागले. तांबडा काळीच्या शेजारी येऊन खाऊ लागला, ती फक्त जरा सरकली.

"आता यांना परत चुलीमागे न्यायचं?" नेलीदाने विचारलं.

आसुंता पहार घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोन घावांत चुलीचा कठडा कोसळला.

"आई! काय करताय?"

"माझ्या सासूने मांडली होती ही. मरेपर्यंत तिने मला एक पातेलं हलवू दिलं नाही. ती गेल्यावर मीही काही हलवलं नाही." तिने पहार भिंतीला टेकवली. "नवी त्या खोलीत मांडू. कुठे, ते तू सांग."

नेलीदाने मातीच्या ढिगातलं एक ढेकूळ उचललं.

"खिडकीखाली," ती म्हणाली. मग तिने पाठीवरचं गाठोडं सोडलं आणि माती भिजवायला पाणी आणायला गेली.